जुन्या मोटारींचा जीर्णोद्धार : मूळ रूप कीं मूळ वेग?

जीर्णोद्धार हा शब्द आपल्याकडे मुख्यत्वेंकरून देवालयांच्या संबंधानें रूढ झालेला आहे. देऊळ पडावयास आलें म्हणजे ढळलेले चिरे पुन्हां बसवावे, शिखर नवें उभारावें आणि गाभाऱ्यांतील पूजा अखंड चालू राहील अशी तजवीज करावी, हा त्याचा परंपरागत अर्थ. खंडित मूर्ति पूजेंत ठेवूं नये, तिचें विसर्जन करून नवी स्थापावी, हा संकेतहि त्याच विचारांतून निघाला. दगड कोणत्या शतकांतला हें येथें गौण. देवाची सेवा चालली पाहिजे हें मुख्य. पुराणवस्तुसंशोधकाची दृष्टि नेमकी याच्या उलट. त्याला तीच खंडित मूर्ति अमोल वाटते. कारण तिच्यावरील छिन्नीचा प्रत्येक घाव हा एक साक्षीदार असतो, आणि नवी मूर्ति कितीहि सुबक असली तरी तिला ती साक्ष देतां येत नाहीं. सेवा आणि साक्ष यांमधील हा विरोध जुना आहे. तोच आज अशा एका वस्तूच्या बाबतींत उभा राहिला आहे कीं, जिचा जन्म होऊन अद्याप दीडशें वर्षेंहि झालेलीं नाहींत. ती वस्तु म्हणजे मोटारगाडी.

कार्ल बेंझ यानें आपल्या तीनचाकी गाडीचें पेटंट १८८६ सालीं घेतलें. त्यानंतरच्या पन्नास-साठ वर्षांत बांधलेल्या ज्या गाड्या आज शिल्लक आहेत, त्यांच्या धन्यांपुढें एक प्रश्न हटकून येतो. गाडी कारखान्यांतून बाहेर पडली त्या दिवशीं जशी होती तशीच ती पुन्हां करावी, कीं आजच्या रस्त्यावर ती जोमानें धांवेल, चढ चढेल आणि वेळेवर थांबेल अशी तिची सुधारणा करावी? पहिल्या पक्षाचें म्हणणें असें कीं, तारांनीं ओढले जाणारे ब्रेक काढून तेथें तेलाच्या दाबाचे ब्रेक घातले, मूळचें इंजिन उतरवून अधिक शक्तीचें चढविलें, म्हणजे ती गाडी उरत नाहीं, तिचा मुखवटा तेवढा उरतो. दुसरा पक्ष विचारतो कीं, जी धांवत नाहीं ती गाडी कसली? दोन्ही पक्षांत जाणते लोक आहेत आणि दोघांचेंहि म्हणणें ऐकण्याजोगें आहे. परंतु आमच्या मतें हा वाद बहुधा चुकीच्या जागीं सुरू होतो. 'मूळ' या शब्दाचा अर्थ काय, हें ठरविल्यावांचूनच तो लढला जातो. तो अर्थ किती निसरडा आहे हें पाहावयाचें, तर बेंटले गाड्यांच्या इतिहासासारखें दुसरें उदाहरण सांपडणें कठीण.

वॉल्टर ओवेन बेंटले या इंग्रज यंत्रज्ञाच्या कारखान्यांतून १९२१ पासून १९३१ पर्यंतच्या दहा वर्षांत सुमारें तीन हजार गाड्या बाहेर पडल्या. फ्रान्समधील ले मान्स येथील चोवीस तासांची शर्यत या गाड्यांनीं १९२४ सालीं, आणि पुढें १९२७ ते १९३० अशी लागोपाठ चार वर्षें जिंकली. तथापि कारखान्याला मंदीचा तडाखा सोसवला नाहीं, आणि १९३१ मध्यें तो रोल्स-रॉइस कंपनीच्या ताब्यांत गेला. त्या काळीं कारखाना स्वतः फक्त चासी, म्हणजे इंजिन व चाकें यांसह गाडीचा सांगाडा, तयार करी. वरची बॉडी गिऱ्हाइकाच्या पसंतीप्रमाणें निराळे कारागीर बांधीत. त्यामुळें पुष्कळ गाड्यांवर उंच, बंद, कुटुंबानें बसावयाच्या बॉड्या होत्या. त्या जड होत्या, आणि पुढें त्यांना कोणी विचारीना. दुसऱ्या महायुद्धानंतर अशा अनेक बॉड्या मोडींत निघाल्या व त्यांच्या जागीं ले मान्सच्या शर्यतींतील गाड्यांच्या घाटाच्या उघड्या, हलक्या बॉड्या आल्या. कित्येक गाड्यांचे सांगाडेहि कापून आंखूड करण्यांत आले. गाडी हलकी झाली, वेगवान झाली, देखणीहि झाली. परंतु १९२० नंतरच्या दशकांत एखादें सुखवस्तु इंग्रज कुटुंब प्रवासाला निघे तेव्हां तें किती उंचीच्या दारांतून आंत शिरे, कसल्या आसनावर बसे, कोणत्या कांचेंतून बाहेर पाही, याची साक्ष भंगारांत गेली. शर्यतींतील मूठभर गाड्यांचें स्मरण इतर पुष्कळ गाड्यांच्या अंगावर चढविलें गेलें, आणि त्या भरांत त्यांचें स्वतःचें चरित्र पुसलें गेलें.

वेगाची हांव मागाहूनच आली असें मात्र नाहीं. सर हेन्री बर्किन या शर्यतपटूनें साडेचार लिटरच्या बेंटलेला सुपरचार्जर, म्हणजे इंजिनांत हवा व पेट्रोल यांचें मिश्रण दाबून भरणारें यंत्र, बसविण्याचा आग्रह धरला. बेंटले स्वतः याच्या विरुद्ध होता. शक्ति वाढवावयाची तर इंजिन मोठें करावें, त्याच्या घशांत हवा कोंबूं नये, अशी त्याची धारणा होती. बर्किननें डोरोथी पॅजेट या धनाढ्य स्त्रीच्या साह्यानें आपला हट्ट पुरा केला. शर्यतीच्या नियमासाठीं अशा पन्नास गाड्या बांधाव्या लागल्या. त्यांपैकीं एकीनेंहि ले मान्सची शर्यत जिंकली नाहीं. पण आज सर्वांत प्रसिद्ध बेंटले कोणती असें विचारलें, तर पुष्कळ जण याच 'ब्लोअर'चें नांव घेतात. निर्मात्याच्या इच्छेविरुद्ध केलेला बदल येथें स्वतःच मूळ होऊन बसला आहे! कारखान्याच्या पहिल्या दिवसाला किंवा निर्मात्याच्या मनाला प्रमाण मानावयाचें म्हटलें, तरी प्रश्न सुटत नाहीं तो असा.

या गुंत्याची खरी परीक्षा झाली ती 'ओल्ड नंबर वन' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या साडेसहा लिटरच्या 'स्पीड सिक्स' बेंटलेच्या निमित्तानें. १९२९ सालीं वुल्फ बार्नाटो व बर्किन यांनीं, आणि १९३० सालीं बार्नाटो व ग्लेन किडस्टन यांनीं, याच गाडीवर ले मान्सची शर्यत जिंकली. पुढें तिला आठ लिटरचें इंजिन बसविण्यांत आलें. १९३२ मध्यें ब्रुकलँड्स येथील पांचशें मैलांच्या शर्यतींत ती धांवपट्टीच्या चढत्या कडेवरून उसळून पलीकडे कोसळली, आणि तिचा चालक क्लाइव्ह डन्फी ठार झाला. मोडलेली गाडी बार्नाटोनें पुन्हां बांधून घेतली; या वेळीं तिच्यावर बंद बॉडी चढली. कालांतरानें तीहि गेली आणि जुन्या शर्यतीच्या घाटाची उघडी बॉडी परत आली.

१९९० सालीं ही गाडी एक कोटि पौंडांस विकण्याचा सौदा झाला. घेणारानें मागाहून हरकत काढली कीं, ही ती गाडी नव्हेच. प्रकरण इंग्लंडच्या उच्च न्यायालयांत न्यायमूर्ति ऑटन यांच्यापुढें गेलें. तेथें जो हिशेब निघाला तो विलक्षण होता. १९२९ ची शर्यत जिंकणाऱ्या गाडीचें जवळजवळ कांहींच उरलें नव्हतें. १९३० च्या गाडीपैकीं गिअरबॉक्सचें कवच, स्टिअरिंगचा दांडा आणि पेडलांचा दांडा एवढेच भाग राहिले होते. सांगाडा व इंजिन होतें तें अपघाताच्या वेळच्या, म्हणजे १९३२ च्या, गाडीचें. इतकें असूनहि निकाल विकणाराच्या बाजूनें लागला. ही कारखान्यांतून निघाल्या रूपाची मूळ गाडी म्हणतां येणार नाहीं, हें न्यायमूर्तींनीं मान्य केलें. परंतु 'ओल्ड नंबर वन' हें नांव तिलाच शोभतें, असें त्यांनीं ठरविलें. कारण, एक गाडी संपली आणि दुसरी सुरू झाली असा क्षण तिच्या चरित्रांत कधीं आलाच नाहीं. जें नवें आलें तें एका चालत्या गाडींत हळूहळू मिसळत गेलें, आणि तिची ओळख कोणत्याहि टप्प्यावर तुटली नाहीं. अस्सलपणा त्यांनीं धातूच्या वयांत शोधला नाहीं, इतिहासाच्या सलगपणांत शोधला.

या निकालाच्या उजेडांत 'मूळ' या शब्दाचे तीन अर्थ सुटे होतात. एक द्रव्याचा : तेंच लोखंड, तेंच लांकूड, तेंच कातडें. दुसरा रचनेचा : भाग नवा ओतलेला असला तरी त्याचें माप व योजना जुनीच. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या ऐतिहासिक शर्यतींच्या नियमांत मुख्य भर असतो तो या दुसऱ्या अर्थावर. आणि तिसरा इतिहासाचा : गाडी ज्या ज्या हातांतून गेली, ज्या ज्या कामीं आली, त्यांच्या खुणांसह आज जशी आहे तशी. धन्यानें एकदां 'मला गाडी मूळ रूपांत हवी' असें म्हटलें म्हणजे त्यानें निवड केली असें नव्हे. यांपैकीं कोणतें मूळ, हा प्रश्न तेथून पुढें सुरू होतो.

मराठी वाचकाला हा भेद अपरिचित नाहीं. शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ त, एकनाथांनीं ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. मध्यंतरींच्या नकलकारांच्या हातून शिरलेले अपपाठ काढून ग्रंथ पुन्हां लोकांच्या नित्य पठणांत यावा, हा त्यांचा हेतु. पुढें १९०९ सालीं इतिहासाचार्य राजवाडे यांनीं, एकनाथपूर्व म्हणून, एका जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापून काढली; त्यांना हवी होती ती ग्रंथाची जुनी भाषा. एकानें ग्रंथाची सेवा केली, दुसऱ्यानें ग्रंथाची साक्ष काढली. दोन्ही कामें एकमेकांच्या आड आलीं नाहींत याचें कारण हें कीं, पोथीची नक्कल करतां येते. शुद्ध प्रत लिहिली म्हणून जुनी प्रत नष्ट करावी लागत नाहीं. मोटारीचें दुर्दैव असें कीं, तेथें नवा पाठ लिहावयाचा तर तो त्याच पानावर, पहिलीं अक्षरें खरडून, लिहावा लागतो. एका पदार्थाच्या अंगीं ग्रंथ आणि पोथी दोन्ही असल्यामुळें येथील चूक सुधारतां येत नाहीं.

इतिहासाचा मान राखण्याचें एक अलीकडचें उदाहरण येथें सांगण्याजोगें आहे. बुगाटीच्या कारखान्यांतील 'टाइप ५९' जातीच्या एका गाडीवर रेने ड्रेफ्यूस यानें १९३४ सालची बेल्जियमची ग्रां प्री शर्यत जिंकली. पुढें कारखान्यानेंच तिचा सुपरचार्जर काढून तिला निराळ्या जातीच्या शर्यतींसाठीं बदललें. १९३८ मध्यें ती बेल्जियमचा राजा तिसरा लिओपोल्ड याच्याकडे गेली आणि तिला काळा रंग व पिवळा पट्टा मिळाला. मागाहूनच्या एखाद्या धन्यानें तिला फ्रान्सच्या शर्यतींतील निळा रंग देऊन, सुपरचार्जर बसवून, पुन्हां १९३४ च्या रूपास नेलें असतें, तर कारखान्याचें रूपहि परत आलें असतें आणि वेगहि. म्हणजे आमच्या वादांतील दोन्ही पक्ष येथें एकाच बाजूला होते. त्यांच्या समोर होता तो केवळ इतिहास. धन्यांनीं इतिहासाची बाजू घेतली. काळा रंग ठिकठिकाणीं तडकला, विटला. तो तसाच राहूं दिला. २०२० सालीं लंडन येथें ही गाडी ९५ लक्ष पौंडांस विकली गेली, आणि ऑगस्ट २०२४ मध्यें कॅलिफोर्नियांतील पेबल बीच येथील सौंदर्यस्पर्धेंत तिनें पहिला मान मिळविला. ती स्पर्धा १९५० पासून चालू आहे. जतन-वर्गांतील गाडीला, म्हणजे जीर्णोद्धार न करतां राखलेल्या गाडीला, तो मान त्यापूर्वीं कधींच मिळाला नव्हता.

याचा अर्थ वेगाचा पक्ष निराधार आहे असा मात्र नव्हे. गति हा यंत्राचा धर्म आहे. उभी राहिलेली गाडी सुरक्षित राहते ही समजूतच खोटी. तिचे टायर एका जागीं दबून बसतात, पेट्रोलचा चीक कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत गोठतो, रबराच्या नळ्या तडकतात, पिस्टनच्या कड्या सिलिंडरला गंजानें चिकटतात. शिवाय गति ही स्वतःच एक साक्ष आहे. इंजिनाचा स्वर, गिअर बदलतांना हाताला होणारा विरोध, ब्रेक दाबल्यावर गाडी किती अंतरावर जाऊन थांबते, या गोष्टी कांचेच्या पेटींत ठेवलेली गाडी सांगूं शकत नाहीं. पण मग त्याच न्यायानें पाहतां, गाडीला आजचें इंजिन व आजचे ब्रेक बसविले म्हणजे ही साक्षहि खोटीच होते. ती गाडी १९३० चा वेग आपणांस दाखवीत नाहीं. आजचा वेग १९३० च्या वेषांत दाखविते. वेगाच्या खऱ्या उपासकानें धरावा तो मूळ वेगाचा आग्रह. त्या गाडीची त्या काळीं जी ताकद होती ती तिला पुरती परत मिळावी आणि तिच्या उणीवाहि तशाच राहाव्या. उणीव जाणून गाडी हांकणें हें त्या काळच्या चालकाचें कौशल्य होतें. तेंहि जतन करण्यासारखेंच आहे.

जेथें धांवणें आणि जपणें यांचा मेळ बसूं शकत नाहीं, तेथें पोथीचाच उपाय योजितां येतो, म्हणजे नक्कल करणें. आगगाडीच्या इतिहासांत हें पूर्वींच घडलें आहे. स्टीफन्सन पितापुत्रांचें 'रॉकेट' हें इंजिन १८२९ सालीं रेनहिलची चढाओढ जिंकून प्रसिद्धीस आलें. पण चाकरींत असतांनाच त्यांत इतके फेरफार झाले कीं, तिरपे सिलिंडर जवळजवळ आडवे होऊन गेले. १८६२ मध्यें तें लंडनच्या संग्रहालयांत आलें तें त्या बदललेल्या, झिजलेल्या स्थितींत, आणि त्याला पुन्हां १८२९ च्या रूपास नेण्याचा मोह आवरला गेला. दीडशाव्या वर्षाच्या उत्सवासाठीं १९७९ सालीं धांवणारी प्रतिकृति वेगळी बांधण्यांत आली. बेंटलेच्या आजच्या कारखान्यानेंहि हाच मार्ग धरला. आपल्याजवळची बर्किनच्या ताफ्यांतील ब्लोअर गाडी उलगडून, तिचा भाग न् भाग मोजून, तशा बारा नव्या गाड्या बांधण्याचें त्यानें २०१९ सालीं जाहीर केलें. नवी असून जुनी म्हणविणारी गाडी हा लबाडीचा विषय होईल. नवी म्हणूनच बांधलेली प्रतिकृति हा जुन्या गाडीवर उपकार आहे, कारण धक्के सोसण्याचें काम ती आपल्या अंगावर घेते.

प्रत्येकाला अर्थातच प्रतिकृति परवडणार नाहीं, आणि प्रत्येक गाडी 'ओल्ड नंबर वन' नसते. सामान्य धन्यासाठीं आम्हांस एकच कसोटी उपयोगी वाटते : केलेला बदल उलटवितां येईल काय? उदाहरणार्थ, शिशाच्या संयुगाचें मिश्रण असलेलें पेट्रोल १९२३ पासून विक्रीस आलें, आणि त्यानंतरच्या पुष्कळ इंजिनांच्या व्हॉल्व्हांच्या बैठकींना त्या शिशाचा आधार मिळत गेला. भारतांत २००० सालापासून बिनशिशाचें पेट्रोल सर्वत्र झालें. अलीकडे त्यांत वीस टक्के इथेनॉल मिसळूं लागलें, आणि इथेनॉल जुन्या रबराला व बुचाच्या पट्ट्यांना मानवत नाहीं. अशा वेळीं नळ्या बदलणें, कठीण धातूच्या बैठका बसविणें, हें औषधपाणी होय. त्यास मूळपणाच्या नांवाखालीं हरकत घेणें म्हणजे रोग्याला पथ्याच्या नांवानें उपाशी मारणें होय. बोल्टांनीं बसविलेली वस्तु बोल्ट काढून परत घेतां येते. परंतु सांगाडा कापणें, बॉडीचा पत्रा छाटणें, इंजिनावरील क्रमांक घासून टाकणें, जुना रंग धातूपर्यंत खरवडणें, यांना परतीची वाट नाहीं. पुढच्या पिढीला आपल्याहून अधिक कळेल, ही शक्यता ज्यानें मनांत बाळगली त्याचा हात अशा कामाला सहसा धजणार नाहीं.

आपल्या देशांत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले आणि परदेशी गाड्यांचे सुटे भाग मिळेनासे झाले. तेव्हां गाड्या चालू ठेवल्या त्या येथील मिस्त्र्यांनीं. कोणी लेथवर भाग कांतून दिला, कोणी दुसऱ्या जातीच्या गाडीचा कार्ब्युरेटर जुळवून घेतला, कोणी मूळचें पेट्रोलचें इंजिन काढून डिझेलचें बसविलें. जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. त्यांप्रमाणें पन्नास वर्षांहून जुनें, मूळ रूपांत राखलेलें, आणि चासी, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेलें वाहन 'व्हिंटेज' गणलें जातें, व त्याच्या क्रमांकांत 'व्हीए' हीं अक्षरें येतात. नियमाचा हेतु चांगला आहे. कापाकापीला त्यानें आळा बसेल. तथापि त्यावरून मिस्त्र्याच्या हातची प्रत्येक खूण म्हणजे कलंक, असा समज मात्र होऊं नये. १९५० किंवा १९६० सालीं एखाद्या कारागिरानें केवळ डोळ्यांच्या मापानें घडविलेला आणि त्यानंतर वर्षानुवर्षें चाललेला भाग हाहि त्या गाडीचा इतिहासच आहे. परदेशांतून आजचा चकचकीत भाग आणून त्याच्या जागीं बसविला, तर रचना मूळची होईल. पण द्रव्य नवें येईल आणि इतिहास जाईल. तिहींपैकीं एक साधून दोन गमावणें हा व्यवहार फायद्याचा कसा म्हणावा?

म्हणून मूळ रूप कीं वेग, या प्रश्नाला सर्व गाड्यांसाठीं एक उत्तर नाहीं, असें आम्ही म्हणतों; पण प्रत्येक गाडीपुरतें उत्तर काढण्याची रीत एक आहे. ही गाडी कशाची साक्ष देते, हें प्रथम पाहावें. जी साक्ष दुसरी कोणतीहि गाडी देऊं शकत नाहीं, तिला हात लावूं नये. जिच्या जातीच्या गाड्या पुष्कळ उरल्या आहेत, तिला खुशाल धांवती करावी, पण तिच्या स्वतःच्या वेगानें. ज्या घरांत आजोबांची गाडी ताडपत्रीखालीं उभी आहे, त्या घरच्यांनीं मिस्त्र्याला बोलावण्यापूर्वीं तिचीं चारी बाजूंनीं छायाचित्रें घ्यावीं, जुनीं बिलें व नोंदणीचे कागद एके ठिकाणीं बांधून ठेवावे, आणि काढलेला प्रत्येक भाग, तो कितीहि निकामी दिसला तरी, चिठ्ठी लावून पेटींत ठेवावा. कोणत्या तारखेस काय काढलें, काय घातलें व कां, हें एका वहींत लिहावें. गाडी उद्यां कोणाच्याहि हातीं गेली, तरी ती वही तिच्याबरोबर जावी.